इलेक्ट्रिक गाडी जोरात हाकली की आधी काय झिजतं: बॅटरी, टायर की ब्रेक?

उजेडवाट (धागाकर्ता)

बॅटरीवर इथे बरंच लिहून झालंय. पण पेडल जोरात दाबून गाडी चालवली तर नेमकं कशावर काय होतं, हे एका जागी कुठे सापडत नाही, म्हणून हा धागा. माझं मत आधीच मांडतो. बॅटरी आणि मोटरवर सॉफ्टवेअरचा पहारा असतो. तापलं की ते स्वतःच ताकद कमी करतं. टायर, ब्रेक आणि सस्पेन्शनवर असा पहारेकरी नाही. जोरात चालवण्याची किंमत तिथे मोजावी लागते आणि माणसाच्या जिवाचा प्रश्नही तिथेच येतो.

बोलणं हवेत राहू नये म्हणून एक गाडी धरू: माणसांसकट १६५० किलो, वापरता येणारी बॅटरी ४५ किलोवॉट-तास, मोटर पुढच्या चाकांना, आकार लहान एसयूव्हीचा. सपाट रस्ता, वारा नाही, एसी चालू. हिशेब केला तर ताशी ८० ला किलोमीटरमागे साधारण १४० वॉट-तास लागतात, १०० ला १८०, १२० ला २३०. म्हणजे पूर्ण चार्जवर अंदाजे ३२०, २५० आणि १९५ किलोमीटर. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे शेवटचे २० फार महाग पडतात.

आता याच गाडीने ० ते १०० एकदा सुसाट मारलं तर? गतिज ऊर्जा येते ०.१८ युनिट. वाटेतली गळती धरली तरी १०० च्या वेगात सव्वा किलोमीटर जायला लागते तेवढीच. सिग्नलवरून एकदा जोरात सुटल्याने रेंज पडत नाही. ती पडते १२० चा काटा तासभर धरून ठेवल्याने.

स्टेटर

आकडे बरोबर आहेत. त्यात उष्णतेचा हिशेब जोडतो, कारण बॅटरी आणि मोटरचा खरा शत्रू तोच.

वरची गाडी सपाटीवर १२० ने जाताना चाकांना जेमतेम २४ किलोवॉट लागतात. बॅटरीतून निघतात २७-२८. ४५ च्या पॅकला हा भार ०.६ सी, म्हणजे काहीच नाही (१ सी म्हणजे पूर्ण पॅक तासाभरात रिकामा करणारा भार). पाच टक्के चढावर ८० ने गेलात तरी आकडा जवळपास तोच येतो. पेडल तळाला टेकवून १०० च्या वर किलोवॉट काढले तर मात्र भार २.४ सी च्या आसपास जातो. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. पॅकचा अंतर्गत रोध ०.१ ओहम धरा. ८० अँपिअरला ६४० वॉट उष्णता, ३२० अँपिअरला सव्वादहा किलोवॉट. करंट चौपट, उष्णता सोळापट.

ऐकायला हे भयानक वाटतं, पण ते नऊ-दहा सेकंदच टिकतं. तीनशे किलोच्या पॅकचं तापमान तेवढ्या वेळात अर्धा अंशसुद्धा वाढत नाही. वस्तुमान कमी असल्यामुळे इन्व्हर्टर (बॅटरीची डीसी वीज मोटरसाठी एसी करणारा भाग) आणि मोटरची वाइंडिंग, म्हणजे तारेची वेटोळी, त्याआधी तापतात. इन्व्हर्टरमधल्या स्विचिंग चिपांना काही सेकंद पुरतात. मोटरमधले निओडिमियम चुंबक फार तापले तर त्यांची ताकद कायमची घटते, म्हणून वाइंडिंगमधला सेन्सर वेळीच टॉर्क उतरवायला लावतो. स्क्रीनवर कासवाचं चिन्ह येणं, पॉवरची पट्टी आखूड होणं, गाडी उभी केल्यावरही पंखा आणि कूलंट पंप चालू राहणं ही त्याचीच लक्षणं. पंखा चालू असेल तर चालू द्या. बिघाड समजून १२ व्होल्टची बॅटरी काढायला जाऊ नका.

डिसेंबर २०२४ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाचा अभ्यास 'नेचर एनर्जी'मध्ये आला. त्यांनी ९२ सेल दोन वर्षं चालवले. एकसारख्या करंटने रिकाम्या केलेल्या सेलपेक्षा, खऱ्या गाडीसारख्या चढउतारांनी वापरलेले सेल ३८ टक्क्यांपर्यंत जास्त टिकले. याचा अर्थ रोज पेडल तुडवा असा नाही. छोटे झटके आपण समजतो तितके बॅटरीला मारक नाहीत, इतकाच.

मारक जोडी वेगळी आहे: उष्णता आणि भरलेली बॅटरी. मे महिन्यात विदर्भात ४४ अंशांत तासभर पेडल वर-खाली करत यायचं, तापलेली गाडी थेट फास्ट चार्जरला लावायची, १०० टक्के करायची आणि उन्हात उभी ठेवायची. हे सगळं एका दिवसात आलं की सेलचं आयुष्य नक्की कमी होतं. चार्जरच्या आधीचे १०-१५ किलोमीटर ८० च्या आत काढा. चार्जिंगचा वेगही चांगला मिळतो, कारण सेल तापलेले असले की गाडी स्वतःच चार्जरकडून कमी करंट मागते.

नवी_पाटी

@स्टेटर, एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) आणि एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) बॅटरीत जोरात चालवण्याच्या दृष्टीने फरक आहे का? आणि चार्ज कमी असताना पिकअप कमी होतो असं म्हणतात, ते खरं का?

स्टेटर

फरक आहे. एलएफपी उष्णता जास्त सोसतो, बेकाबू तापायला त्याला अधिक वर जावं लागतं आणि आयुष्यही लांब. थंडीत मात्र तो लवकर आखडतो. त्याचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे उरलेल्या चार्जचा अंदाज चुकू शकतो. म्हणूनच कंपन्या अधूनमधून १०० टक्के करायला सांगतात.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. हो, खरं आहे. चार्ज उतरला की जास्त करंट ओढताना व्होल्टेज कोसळतो आणि सेल खालच्या मर्यादेला लागू नये म्हणून गाडी पॉवर कापते. हे कुठल्या टक्क्याला सुरू होतं ते गाडीगणिक वेगळं, पण २० च्या खाली गेलात की गृहीत धरा. दुपदरी रस्त्यावर समोरून ट्रक येत असताना ७० टक्क्यांवरच्या पिकअपच्या भरवशावर १२ टक्क्यांना ओव्हरटेक घेतला तर गाडी अर्ध्यातच थंड पडल्यासारखी वाटेल. चार्ज कमी असेल तेव्हा ओव्हरटेक नकोच.

खोबणी

टायरवर पहारेकरी नाही हे धागाकर्त्याचं म्हणणं रास्त आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

इलेक्ट्रिक गाडी त्याच आकाराच्या पेट्रोल गाडीपेक्षा दीड-दोनशे किलो किंवा त्याहून जड. टॉर्क शून्य वेगापासून पूर्ण. शिवाय रिजनमुळे (पाय उचलला की मोटर जनरेटर बनून गाडी मंदावते आणि वीज बॅटरीत परत जाते) वेग कमी करतानाही तीच चाकं ओढ सोसतात. म्हणजे पुढच्या चाकांना मोटर असेल तर वेग वाढवणं, कमी करणं आणि वळणं ही तिन्ही कामं त्याच दोन टायरांवर येतात. जोरात सुटताना वजन मागे सरकतं, पुढची पकड नेमकी तेव्हाच सैल होते आणि ट्रॅक्शन कंट्रोल जागं होईपर्यंत रबर घासलं जातं. अशा गाडीचे पुढचे टायर मागच्यांच्या निम्म्या आयुष्यात संपले तर आश्चर्य नको.

रोटेशन, म्हणजे टायरांची अदलाबदल, ८-१० हजार किलोमीटरवर करतात. जोरात चालवणाऱ्यांनी ५-६ हजारांवर करावं आणि त्याच वेळी अलाइनमेंट बघून घ्यावी. टायरवरून तळवा आडवा फिरवा. एका बाजूने गुळगुळीत आणि दुसऱ्या बाजूने खरखरीत लागलं तर टो (वरून पाहताना चाकाचा आत-बाहेर कोन) बिघडलाय. फक्त आतली कड गेली असेल तर कॅम्बर (समोरून पाहताना चाकाचा कल) किंवा बुश (सस्पेन्शनच्या सांध्यातलं रबर). खोबणी १.६ मिलिमीटरच्या खुणेला आली की टायर कायद्याने संपला. पण पावसात १०० च्या वर जाणार असाल तर ३ मिलिमीटरलाच बदला. उथळ खोबणीतून पाणी बाहेर फेकलं जात नाही, टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग हलकं पडतं.

टायर बदलताना मापाइतकंच पुढचे आकडे आणि अक्षर बघा. २१५/६० आर१६ मापात ९५एच असेल तर एका टायरची क्षमता ६९० किलो आणि वेगमर्यादा ताशी २१०. दुकानदार 'हाच चालतो' म्हणून कमी लोड इंडेक्सचा (वरच्या उदाहरणातला ९५ हा भाराचा आकडा) देत असेल तर घेऊ नका. वरचा चालेल, खालचा नाही.

आता हवा. उन्हाळ्यात टायर फुटतो म्हणून हवा कमी ठेवायची, ही आपल्याकडची समजूत जीवघेणी आहे. कमी हवेचा टायर दर फेरीला बाजूने जास्त वाकतो, त्या वाकण्याने आतून तापतो आणि काँक्रीटच्या लांब सरळ रस्त्यावर तासाभराने बाजूची भिंत फाटते. समृद्धी महामार्गावर टायर फुटण्याची जी चर्चा होते तिच्या मुळाशी हेही एक कारण असू शकतं. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या पट्टीवर लिहिलेला दाब सकाळी, गाडी थंड असताना भरा. पूर्ण भार असेल तर त्याच पट्टीवरचा भाराचा आकडा धरा. तापमान साधारण ६ अंश वाढलं की दाब १ पीएसआयने वाढतो, त्यामुळे सकाळचे ३५ दुपारी धावत्या गाडीत ४० दिसणं स्वाभाविक आहे. तो पाहून हवा सोडली की संध्याकाळी टायर अर्धपोटी.

पंक्चरच्या दुकानात उतरून उभे राहा. ट्रॉली जॅक गाडीच्या मधोमध लावायची सवय असते आणि तिथे बॅटरी आहे. जॅक फक्त कडेच्या खुणांवर, रबरी ठोकळा ठेवून.

घाटमाथा

ब्रेकवर मी लिहितो, कारण महाराष्ट्रात हा विषय घाटाशिवाय पुरा होत नाही.

रिजन आहे म्हणजे घाट उतरताना ब्रेक वापरायला लागत नाहीत, असं धरून चालणं धोक्याचं. रिजनची वीज कुठेतरी साठवावी लागते. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर जागा नाही, मग रिजन क्षीण होतं किंवा बंदच. महाबळेश्वरच्या हॉटेलात रात्रभर १०० टक्के करायची आणि सकाळी आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरायचं, हा नेमका चुकीचा क्रम. सुमारे १३०० मीटर उतार आहे. धाग्यातली गाडी धरली तर वरून सुटताना ५.८ युनिट स्थितिज ऊर्जा असते. टायर आणि हवा सव्वादोन-अडीच युनिट खातात. उरलेली साडेतीन एकतर बॅटरीत जाईल किंवा डिस्क आणि पॅडमध्ये उष्णता होऊन. रिजनची गळती वजा केली तर बॅटरीत ६-७ टक्के जागा लागते. म्हणून वर ९० टक्क्यांवर चार्जिंग थांबवा. पसरणी घाटाने वाईला उतरणाऱ्यांनाही हेच लागू.

दुसरी अडचण वापर नसण्याची. शहरात सगळं काम रिजन करतं, पॅड डिस्कला क्वचित टेकतात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात डिस्क गंजते, पॅडवर चकाकी चढते, कॅलिपरची पिन अडकते. हे तुम्हाला कळतच नाही, कारण रोजच्या चालवण्यात ब्रेक लागत नाहीत. कळतं ते ११० वरून एकदम पाय दाबल्यावर, गाडी एका बाजूला ओढली जाते तेव्हा. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही हे पाहून, रिजन शून्यावर ठेवा आणि ६० वरून २० पर्यंत चार-पाच वेळा ठाम ब्रेक मारा. गाडी धुतल्यावर लगेच उभी करू नका, ब्रेक दाबत एक चक्कर मारून डिस्क वाळवा.

ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला, किलोमीटर कितीही कमी असोत. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ चा किमान उत्कलनबिंदू नवा असताना २३० अंश, पाणी शोषल्यावर १५५. घाटात डिस्क तापल्या की जुनं ऑइल उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. वर्षानुवर्षं ब्रेक कमी वापरल्यामुळे हेच सर्व्हिसमध्ये राहून जातं.

न्यूट्रलमध्ये घाट उतरू नका. रिजन तिथे नसतंच.

इसार

म्युनिकहून भर घालतो. घाटमाथा यांनी भरलेल्या बॅटरीचं सांगितलं, थंड बॅटरीतही तेच होतं. शून्याखाली सेलमध्ये जोरात चार्ज ढकलला तर लिथियम धातूच्या रूपात साचू लागतं, म्हणून बॅटरी गरम होईपर्यंत गाडी रिजन रोखते. सकाळच्या पहिल्या वळणावर पाय उचलला आणि गाडी नेहमीइतकी मंदावली नाही तर दचकू नये, ब्रेक वापरावा.

इथे ऑटोबानच्या बऱ्याच भागावर वेगमर्यादा नाही, १३० ची फक्त शिफारस आहे. तरी फोक्सवॅगन आयडी.४ च्या काही प्रकारांसारख्या कित्येक गाड्या १६० ला इलेक्ट्रॉनिक पद्धतीने अडवलेल्या असतात. आयडी.४ ला मागे डिस्कऐवजी ड्रम आहेत. ते मागासलेपण नव्हे. ड्रम बंद असतो आणि क्वचित वापराने गंजत नाही.

रिजनबद्दल आणखी एक. फॉर्म्युला ई या इलेक्ट्रिक शर्यतीच्या जेन३ (तिसऱ्या पिढीच्या) गाडीची रचना मागच्या चाकांना घर्षणाचे ब्रेक न ठेवता केली होती, मागचं सगळं काम रिजनवर. चाचण्यांत अपघात झाल्यावर तिला आणीबाणीचे ब्रेक जोडावे लागले. रिजन मोटर, इन्व्हर्टर आणि बॅटरी या तिन्हींवर अवलंबून आहे, एक रुसला की संपलं.

स्टेटर

गिअरबॉक्स आणि शाफ्टचं राहिलं. ९-१० पट रिडक्शनचा एकच गिअर असतो. पेडल दाबताना दात एका बाजूला टेकतात, सोडून रिजन लागलं की दुसऱ्या. जोरात दाबणं-सोडणं चाललं की दर वेळी हा झटका शाफ्टच्या सांध्यांना आणि मोटरच्या माउंटिंगला बसतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू जाताना टकटक आली तर सीव्ही जॉइंट (चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचा सांधा). दाबताना-सोडताना एकच 'ठक' आली तर माउंटिंगचं रबर किंवा लोअर आर्मचा बुश. या आवाजांवर लक्ष ठेवणं सोपं आहे, इंजिनाचा गोंगाट नाही. रिडक्शन गिअरचं ऑइल मात्र मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या अंतरालाच बदला. 'इलेक्ट्रिकला ऑइल नसतं' असं वर्कशॉपमध्ये ऐकलं तर मॅन्युअल उघडून दाखवा.

पट्टा_लावा

माझा भर वेगावर. गाडीवरचा कुठलाही परिणाम पैशाने दुरुस्त होतो, थांबण्याचं अंतर होत नाही.

कोरडा रस्ता, चांगले टायर, दीड सेकंद प्रतिक्रियेला. १०० ला पूर्ण थांबायला सुमारे ९० मीटर. १२० ला १२०. ओल्या रस्त्यावर पकड निम्मी धरली तर १०० लाच १४०. पेट्रोल गाडीपेक्षा वजन दोनशे किलो जास्त असलं तरी चांगल्या टायरवर हे अंतर फारसं बदलत नाही, पण टायरवरचा आणि डिस्कवरचा ताण बदलतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या सलग ब्रेकला फरक दिसतो.

भारत एनसीएपी या धडक-चाचणीचे पाच तारे बघून निर्धास्त होणाऱ्यांसाठी: समोरची धडक ताशी ६४ ला घेतात. १२० ला ऊर्जा साडेतीन पट होते. तारे ६४ चे आहेत.

आवाज नसल्याने वेग कळत नाही, हा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. पेट्रोल गाडीत १२० ला इंजिन ओरडतं. इथे ८० आणि १२० कानाला जवळपास सारखेच. ८० ला अधूनमधून आणि १२० च्या पुढे सतत वाजणारा इशारा २०१९ पासून आपल्याकडे सक्तीचा आहे, तो गाण्यात बुडवू नका. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कारला सपाटीला १०० आणि घाटात ६० ची मर्यादा आहे, समृद्धीवर १२० ची. क्रूझ कंट्रोल किंवा स्पीड लिमिटर त्याच आकड्याला लावा.

पिकअपचे आकडे आता कुठे गेलेत बघा. कंपन्यांच्या दाव्यानुसार महिंद्रा बीई ६ चा ७९ किलोवॉट-तासांचा प्रकार ६.७ सेकंदांत १०० गाठतो, हॅरियर ईव्हीचा दोन मोटरांचा प्रकार ६.३ मध्ये. दहा-पंधरा वर्षांपूर्वी आपल्याकडे हे आकडे महागड्या स्पोर्ट्स गाड्यांचे होते. अशी गाडी घरातल्या नव्या चालकाच्या हाती देताना इको मोडवर द्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये चीनने एक मसुदा काढला: गाडी सुरू केल्यावर मूळ मोडमध्ये ० ते १०० ला किमान ५ सेकंद लागले पाहिजेत, त्याहून चपळ हवी असेल तर चालकाने मुद्दाम मोड बदलावा. मला ही दिशा पटते.

नवी_पाटी

अपघात झालाच तर बॅटरी पेटण्याची भीती किती धरायची?

पट्टा_लावा

भीतीपेक्षा तयारी धरा. जोरदार धडकेत एअरबॅगबरोबर पायरो फ्यूज (स्फोटाने वीज तोडणारा फ्यूज) उडतो आणि कॉन्टॅक्टर (पॅकचे मोठे स्विच) उघडतात, म्हणजे उच्च दाबाची वीज पॅकमध्येच कोंडली जाते. केशरी केबलना तरीही हात लावू नका.

जास्त फसवा प्रसंग मोठ्या धडकेचा नाही, तर वेगात दगड, दुभाजकाची कड किंवा उंच गतिरोधक पोटाला लागण्याचा. गाडी चालू राहते म्हणून लोक चालवत राहतात. पॅकची तळपट्टी चेपली असेल, कूलंट गळत असेल किंवा इन्सुलेशनचा इशारा आला असेल तर गाडी उचलून तपासल्याशिवाय चार्ज करू नका. पॅकवरचं आयपी६७ हे पाणीरोधक मानांकन म्हणजे एक मीटर पाण्यात ३० मिनिटं, तेही सील शाबूत असताना. चेपलेल्या पॅकला ते लागू नाही.

फुसफुस किंवा फटफट आवाज, खालून पांढरा धूर, स्क्रीनवर 'थांबा, बाहेर पडा' असा इशारा: यातलं काहीही दिसलं की गाडी मोकळ्या जागी थांबवून सगळे बाहेर. संयुक्त राष्ट्रांच्या आर१०० नियमात सेल बेकाबू तापला तर धोका प्रवाशांच्या जागेत पोहोचण्याच्या किमान ५ मिनिटं आधी सूचना मिळावी अशी अट आहे. त्या ५ मिनिटांत सामान काढत बसू नका. किमान १५ मीटर लांब, वारा जिकडून येतो त्या बाजूला उभे राहा, धुरात हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू असतो. ११२ ला फोन करताना गाडी बॅटरीची आहे हे पहिल्या वाक्यात सांगा, कारण पाणी भरपूर लागतं. विझलेली गाडी काही तासांनी किंवा दिवसांनी पुन्हा पेटू शकते, म्हणून ती तळघरातल्या पार्किंगला किंवा दुसऱ्या गाड्यांच्या रांगेत नेऊ नये.

आजच करण्यासारखं एक काम: आतून दार उघडायची यांत्रिक खिटी कुठे आहे ते पुढच्या आणि मागच्या दोन्ही दारांवर शोधा आणि घरातल्या सगळ्यांना दाखवा. १२ व्होल्टचा पुरवठा तुटला की बटणाची दारं उघडत नाहीत.

उजेडवाट

सगळ्यांचे आभार. पावसाळ्यातल्या रिजनच्या पातळीबद्दल व्यनि (व्यक्तिगत निरोप) आलेत, त्याचं कोणी लिहील का? मागच्या चाकांना मोटर असलेल्यांचा खास प्रश्न आहे.

खोबणी

मागच्या चाकांची गाडी ओल्या वळणावर असताना एकदम पाय उचलला तर रिजन फक्त मागच्या टायरांना खेचतं. वजन त्या क्षणी पुढे गेलेलं असतं, म्हणजे मागे पकड आधीच कमी. स्थिरता प्रणाली सावरून घेते, पण तिलाही टायरची पकडच लागते. पावसात रिजन सर्वांत खालच्या पातळीला ठेवा, वन-पेडल (पाय उचलताच गाडी थांबेपर्यंत मंदावणारा मोड) बंद करा, वेग वळणाच्या आधी कमी करा आणि पाय हळू उचला. पुढच्या चाकांच्या गाडीत तोच झटका बसला तर पुढचे टायर सरळ घसरतात आणि स्टिअरिंग ऐकत नाही, त्यामुळे पातळी तिथेही खालचीच. शिवाय रिजन हलकं असेल तर कित्येक गाड्यांत मागचा ब्रेक दिवा लागत नाही. मागून ट्रक चिकटून येत असेल तर ब्रेक पेडलला हलका पाय लावून दिवा पेटवा, मगच वेग उतरवा.